शिरस्तेदारांचा विरोधी पक्ष

खोली पाहायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला ऐकवलेलं पहिलं वाक्य होतं, "विरोध आहे. खोली गळते."

मी तेव्हा जव्हारच्या शाळेत दुय्यम शिक्षक म्हणून नुकताच लागलो होतो. त्र्यंबकाकडून बैलगाडीने हाडं खिळखिळी करून घेत आलेलो, बरोबर एक ट्रंक आणि एक वळकटी. खोली मला पसंत पडली होती आणि तसं मी म्हणालोही. त्यावर हे उत्तर. आपलीच खोली भाड्याने द्यायची आणि आपणच तिला नावं ठेवायची, असा घरमालक मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नी पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"गळत नाही हो," त्या म्हणाल्या. "गेल्याच वर्षी कौलं चाळून घेतलीत. यांच्याकडे लक्ष देऊ नका, सामान आत घ्या."

"सरकार नेहमी असंच म्हणतं," घरमालक मला म्हणाले.

मी सामान आत घेतलं. त्या खोलीत पुढे सहा वर्षं काढली. ती गळायची, पण एकाच कोपऱ्यात, आणि तिथे तांब्या ठेवला की भागायचं. म्हणजे दोघंही खरंच बोलत होते. त्या घरात बहुतेक वेळा असंच असायचं.

गाव त्यांना शिरस्तेदार म्हणे. संस्थानच्या एका कचेरीत त्यांनी तीस वर्षं शिरस्तेदारी केली होती. कुठल्या ते सांगत नाही, त्यांची नातवंडं अजून त्या बाजूला नोकरीला आहेत. काम एवढंच, की साहेबापुढे कागद ठेवायचा, साहेब बोलेल ते वळणदार अक्षरात लिहायचं आणि बोलत असेल तोवर मान हलवायची. पेन्शनीत निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पत्नींनी, म्हणजे आमच्या काकूंनी, विचारलं, "चहा ठेवू ना?" आणि हे म्हणाले, "विरोध आहे." काकूंना वाटलं पोट बिघडलं. चहा केला, तो त्यांनी घेतला, दुसरा कपही मागितला. पण विरोध काही मागे घेतला नाही.

"तीस वर्षं होय साहेब, होय साहेब केलं, मास्तर," ते मला सांगायचे. "देवाने माणसाला जेवढे होय दिलेले असतात, तेवढे माझे संपले. आता उरलेत ते नाही."

पण त्या तीस वर्षांनी त्यांच्या मानेत एक खोड ठेवून दिली होती. समोर कोणी चार वाक्यं सलग बोललं की त्यांची मान आपोआप वर-खाली हलायला लागायची. तोंड म्हणतंय "विरोध आहे" आणि मान म्हणतेय होय, होय. नवखा माणूस बिचारा तोंडाकडे बघावं की मानेकडे, या घोळात पडायचा. यावर त्यांनी उपाय काढला होता. कोणाशी बोलायचं झालं की डाव्या हाताची मूठ हनुवटीखाली घट्ट धरायची. लांबून बघणाऱ्याला वाटायचं की दाढ दुखतेय. गावच्या वैद्याने त्यांना दोनदा लवंगेचं तेल आणून दिलं होतं.

विरोधी पक्ष ही चीज त्यांनी मोखाड्याहून आणली. मोखाडा तेव्हा इंग्रजी हद्दीत, आणि आमचं जव्हार संस्थानात. भाच्याच्या लग्नाला म्हणून ते तिकडे गेले आणि नेमकी तिकडची कसलीशी निवडणूक बघून आले. दोन मांडव, दोन वक्ते, एक म्हणतो दिवस आहे, दुसरा म्हणतो रात्र आहे, आणि ऐकणारी माणसं सुपारी कातरत ठरवताहेत की कोणाचं खरं. शिरस्तेदार लग्नाचं जेवण सोडून तिथेच उभे राहिले. परत आले ते काशी करून आल्यासारखे. आठ-आठ दिवस शिळी वर्तमानपत्रं टपालाने मागवू लागले. कुठल्या देशात कुठला पक्ष पडला याची त्यांना सख्ख्या नात्यातल्या मृत्यूइतकी काळजी असे. पडलेल्या पक्षासाठी एक दिवस ते सुपारी सोडत. मग तोच पक्ष पुढे निवडून आला की त्याच्यावर लगेच तोंडसुख घ्यायला मोकळे.

घरातही त्यांनी हीच व्यवस्था लावली होती. ओसरीवर समोरासमोर दोन बाक. उजवीकडचा सरकार पक्षाचा, म्हणजे काकूंचा. डावीकडचा विरोधी पक्षाचा, म्हणजे त्यांचा. मी भाडेकरू, जेवायला त्यांच्याकडेच, म्हणून मी अपक्ष, आणि माझी जागा मधल्या पायरीवर. सकाळी काकू जाहीर करत, "आज दुधीची भाजी." लगेच समोरून आवाज येई, "विरोध आहे. काल दुधीच होती." मग मत माझ्याकडे. मला दुधी मनापासून आवडत नाही, पण मी त्या घरात जेवत होतो, तेव्हा मी सरकारच्या बाजूने हात वर करायचो.

"मास्तर, तुमच्या एका मतावर हे सरकार तगून आहे," शिरस्तेदार वैतागून म्हणत.

"सरकार चुलीवर तगून आहे," काकू आतून म्हणत.

त्यांचं एक वाक्य गावात म्हणीसारखं झालं होतं: "एकमत झालं म्हणजे समजावं, कोणीतरी झोपलंय." पंगतीत, देवळात, कुठेही लोक एखाद्या गोष्टीला भराभर माना डोलवायला लागले की हे उभे राहायचे. एका लग्नात तर कहर केला. अंतरपाट धरलेला, भटजींनी "सावधान" म्हटलं, आणि मागून आवाज, "विरोध आहे." मुलीचा बाप मटकन खालीच बसला. शिरस्तेदार शांतपणे म्हणाले, "लग्नाला नाही. त्या कोपऱ्यातल्या खांबाला. हलतोय." खरंच हलत होता. दोघांनी तो खांब मिठी मारून धरला आणि लग्न लागलं. मुलीच्या बापाने त्यानंतर वर्षभर त्यांना पानसुपारी विचारली नाही, ही गोष्ट निराळी.

मीही हसायचो. रिकामपणचे उद्योग, दुसरं काय, असं माझं मत होतं. ते मत एका वैशाखात बदललं.

आम्ही दोघं ओसरीवर होतो. समोरच्या रस्त्याने चार माणसं बांबूला घोंगडी बांधून केलेली झोळी खांद्यावर घेऊन दवाखान्याकडे चालली होती. पुढे होता सोमा, शिरपामाळाच्याही पलीकडच्या खडकीपाड्याचा कारभारी. त्याला सगळं गाव ओळखायचं, बाजाराच्या दिवशी करवंदं आणि मध घेऊन यायचा. झोळीत त्याची सून होती. पाड्याला विहीर नाही. उन्हाळ्यात बाया खाली ओहळात उतरून झऱ्याच्या कपारीतून वाटीवाटीने पाणी भरतात आणि हंडा डोक्यावर घेऊन तो कडा चढतात. ती पोर मूळची सूर्यमाळची, डोंगर चढण्या-उतरण्यात वाढलेली. तरी पाय सटकला, हंड्यासकट खाली गेली आणि मांडीचं हाड मोडलं.

सुनेला दवाखान्यात पोचवून सोमा परत आला आणि आमच्या पायरीवर बसला. काकूंनी त्याला गूळपाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर त्याने सरळ विचारलं. आवाजात राग असा नव्हता.

"शिरस्तेदार सायब, इहिरीचा अर्ज आमी तीन डाव दिला. तुमच्याच कचेरीत दिला. त्याचा काय झाला?"

शिरस्तेदारांनी मूठ हनुवटीखाली नेली. सोमा थोडा वेळ वाट बघून उठला आणि गेला. त्यानंतर दोन दिवस त्या घरात कशालाही विरोध झाला नाही. लागोपाठ दोन दिवस दुधी झाली, तीही त्यांनी मुकाट्याने खाल्ली. काकू म्हणाल्या, "मास्तर, मला यांची काळजी वाटतेय."

त्याच पावसाळ्यानंतर दवंडी पिटली. दरबाराने एक सल्लागार मंडळ करायचं ठरवलं होतं. बाकीची माणसं दरबार नेमणार, पण एक जागा जव्हार आणि आसपासच्या पाड्यांनी मिळून निवडून द्यायची. शेतसारा भरणाऱ्या प्रत्येकाला एक मत. असं काही आमच्याकडे आधी कधी घडलं नव्हतं. लोकांनी दोन दिवसांत आपसांत ठरवून टाकलं की जागा गवतशेठला द्यायची. गवतशेठ म्हणजे डोंगरातलं गवत कापून, गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांना पाठवणारे व्यापारी. मोठा माणूस, मऊ माणूस, दरबारात ऊठबस. दुसरं कोणी उभं राहणार नव्हतं.

शिरस्तेदार त्या दिवशी जेवले नाहीत. "एकच बैल आणि त्याचीच शर्यत," एवढंच म्हणाले. संध्याकाळी त्यांनी स्वतःचं नाव दिलं, आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते गवतशेठच्या पेढीवर गेले.

"शेठ, मी तुमच्याविरुद्ध उभा आहे," ते म्हणाले.

गवतशेठ घाबरले. "माझं काही चुकलं का, शिरस्तेदार?"

"अजून नाही. आता बघा, तुम्ही सरकार पक्ष. तुम्ही काय काय केलं ते सांगायचं. मी विरोधी पक्ष. मी सांगणार काय काय केलं नाही. तुमचं भाषण लहान होईल."

"पण मी कुठे काय केलंय? मी आपला गवत विकणारा माणूस."

"म्हणून मीच लिहून आणलंय," म्हणत शिरस्तेदारांनी खिशातून कागद काढला. गवतशेठच्या पक्षाचा जाहीरनामा त्यांनी स्वतः लिहिला होता, तोही स्वतःच्या जाहीरनाम्यापेक्षा चांगल्या अक्षरात. त्यात होतं की राजा मायबाप आहे, मायबापापुढे हात जोडून मागावं, आज ना उद्या मिळतं. गवतशेठना ते इतकं आवडलं की त्यांनी दोनदा वाचून घेतलं.

मग आठवड्याच्या बाजारात दोघांची भाषणं झाली. गवतशेठनी आपला कागद वाचला. शिरस्तेदार पोत्यांच्या थप्पीवर चढले, मूठ हनुवटीखाली धरली आणि म्हणाले, "शेठ म्हणतात हात जोडा. जोडलेल्या हातांत कोणी काही ठेवू शकतं का? हात पुढे करा. आणि रिकामे राहिले, तर का राहिले ते विचारा." ज्या माणसाने समोरच्याचं भाषण लिहून दिलं तोच ते खोडतोय, हे बघून मला हसू आवरेना. पण लोक हसत नव्हते. ते ऐकत होते.

आणि मग जे झालं ते मला मुळीच आवडलं नाही. दोन महिन्यांत गावात भांडायला कारण लागेनासं झालं. हात जोडणारे एका न्हाव्याकडे जाऊ लागले, हात पुढे करणारे दुसऱ्याकडे. दोन सख्ख्या भावांनी गोठ्यात मधोमध कुडाची भिंत घातली आणि बैलजोडीतला एक-एक बैल वाटून घेतला, आता नांगराला काय जुंपणार? भजनी मंडळ फुटलं. टाळ एका पक्षाकडे राहिले आणि मृदंग दुसऱ्याकडे गेला, तेव्हा एका आळीत नुसती किणकिण आणि दुसऱ्या आळीत नुसतं धबधब. मी चिडलो. पेटवलं यांनी आणि धूर आमच्या नाकात. एके दिवशी जेवताना मी बोललोच, "काका, गुण्यागोविंदाने नांदणारं गाव तुम्ही दुभंगवलंत."

"दुभंगवलं नाही, मास्तर," ते म्हणाले. "मतं आधीपासून दोन होती. एक बोलत नव्हतं, इतकंच." मग भाकरी मोडता मोडता थांबले. "पण टाळ-मृदंगाचं तुमचं खरं आहे. ते मी बघतो."

बघितलंही. पुढच्या एकादशीला त्यांनी दोन्ही टोळ्यांना आमच्या ओसरीवर बोलावलं. टाळ उजव्या बाकावर, मृदंग डाव्या बाकावर, आणि स्वतः मधे माझ्या पायरीवर बसून गायला लागले. त्यांचा आवाज असा काही होता की तो झाकण्यासाठी का होईना, दोन्ही बाजूंना एकदम वाजवावं लागलं. बैलांचं मात्र पुढच्या पेरणीपर्यंत मिटलं नाही.

खडकीपाड्यावर मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. पाड्यात चोवीस खातेदार, म्हणजे चोवीस मतं, आणि गाव बरोबर मधोमध फुटलेलं, तेव्हा पाडा म्हणेल तिकडे पारडं जाणार हे शेंबड्या पोराला कळत होतं. आदल्या दिवशी गवतशेठ गूळ घेऊन येऊन गेले होते आणि विहिरीचं कबूल करून गेले होते. शिरस्तेदारांनीही तेच कबूल केलं. सोमाच्या अंगणात आम्हाला नागलीची भाकर आणि पाणी दिलं. आमच्यातल्या माणसाने पाड्यावर पाणी घेणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती, गावात त्यावरून बोलणं झालं असतं. शिरस्तेदारांनी लोटा घेतला. ते पाणी कुठून, कोणत्या वाटेने आलं होतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते थेंब न सांडता प्यायलं. दारात सोमाची सून काठीच्या आधाराने उभी होती. हाड जुळलं होतं, पण पाय आखूड राहिला होता.

"प्रत्येकाने आपापलं मत आपापल्या बुद्धीने द्या," शिरस्तेदार म्हणाले. "बापाने एकाला दिलं म्हणून लेकाने त्यालाच द्यायला पाहिजे असं नाही."

म्हातारी माणसं एकमेकांकडे बघू लागली. सोमा म्हणाला, "आमच्यात तसा नाय सायब. आमी समदी बसतूं. एक जन बी नाय बोलला तं उठत नाय. बसतूं, मंग सांगतूं."

परत आल्यावर त्यांना घरातल्या मतांची मोजदाद करायची लहर आली. बायकांना मत नव्हतं, पण ओसरीवरच्या कारभारात होतं. "सरकारचं मत कोणाला?" त्यांनी हसत विचारलं.

काकू तांदूळ निवडत होत्या. "गवतशेठला," त्या म्हणाल्या.

"सख्खी बायको असून?"

"सख्खी आहे म्हणूनच. तुम्ही बाहेर बसलात की सिंह असता. आत बसलात की कसे असता, ते मी तीस वर्षं पाहिलंय." त्यांनी तांदळाचं ताट बाजूला सारलं. "खडकीपाड्याचे तीन अर्ज कोणाच्या अक्षरात दप्तरात गेले?"

शिरस्तेदारांनी नजर जमिनीकडे वळवली. मग मला सांगावं तसं हळू म्हणाले, "साहेब म्हणाले, पुढे बघू. मी लिहिलं, सबब अर्ज दप्तरी ठेवावा. तिन्ही वेळा. दरबारापर्यंत एकही गेला नाही. अक्षर चांगलं आलं होतं."

"आणि मान हलवलीत," काकू म्हणाल्या. पण हे म्हणताना त्या उठून त्यांच्या बाकावर, विरोधी पक्षाच्या बाकावर, त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. त्या घरात मी हे पहिल्यांदाच पाहत होतो.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी सोमा आला. पाडा दोन दिवस बसला होता आणि ठरलं होतं. "बारा तुमाला, बारा शेठला," त्याने सांगितलं.

शिरस्तेदार उसळले. "अरे, असं कुठे असतं का? कोणीतरी एक निवडायचा असतो. अर्धे-अर्धे म्हणजे मत दिलं न दिल्यासारखंच."

"दोघां बी आमच्या अंगनात पानी प्यालां," सोमा म्हणाला. "पानी प्याल्या पाव्हन्याला आमी नाय म्हनत नाय. आनी सायब, समदी मतां एकाला दिली असती तं दुसरा म्हनला असता, माझा काय संबंध? आता जो निवडंल त्याला बी आमी मत दिला, जो पडंल त्याला बी दिला. एकानं इहीर करायची, दुसऱ्यानं झाली का नाय ते बघायचा."

शिरस्तेदारांची मूठ हनुवटीखालून कधी खाली आली ते त्यांना कळलं नाही. मान वर-खाली, वर-खाली हलू लागली. सोमा गेल्यावर ते म्हणाले, "मास्तर, मी चार वर्षं वर्तमानपत्रं वाचली. आणि हा करवंदं विकता विकता माझ्या पुढे गेला."

मतदानाला मी कामावर होतो. लोकांना वाचता येत नव्हतं, म्हणून पडद्याआड दोन पेट्या, गवतशेठची हिरवी आणि शिरस्तेदारांची लाल. मी प्रत्येकाला शिक्का मारलेली चिठ्ठी द्यायची आणि त्याने आत जाऊन हव्या त्या पेटीत टाकायची. खडकीपाड्याची माणसं रांगेने आली, स्वच्छ धुतलेली मुंडाशी बांधून. शिरस्तेदार अगदी शेवटी आले. पडद्याआड एवढा वेळ लावला की मला वाटलं चक्कर आली की काय. बाहेर आले तेव्हा चेहरा पोरासारखा हसरा होता.

पेट्या उघडल्या. शिरस्तेदार दोन मतांनी पडले.

मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. दोन महिने त्यांच्यावर चिडलेला मी, पण ते पडले तेव्हा कोणी माझ्याच पाठीत धपका घातल्यासारखं वाटलं. ते मात्र नारळ घेऊन तडक गवतशेठच्या पेढीवर. हार घातला, नारळ दिला आणि खिशातून कागद काढला.

"हे काय?" शेठ म्हणाले.

"विरोधी पक्षाचे प्रश्न. पहिला आणि शेवटचा एकच आहे. खडकीपाड्याची विहीर कधी?"

"अहो, आजच निवडून आलोय."

"म्हणून आजच विचारतोय. पाड्याची बारा मतं माझी आहेत, मला त्यांना उत्तर द्यायचंय."

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी शिरस्तेदार पेढीसमोर उभे राहायचे, मूठ हनुवटीखाली, आणि खणखणीत आवाजात एकच शब्द उच्चारायचे, "विहीर?" बस्स. शिवी नाही, भाषण नाही. भाजीवाल्या बायका, गाडीवान, न्हावी, सगळे माना वळवून शेठकडे बघायचे. शेठ सुरुवातीला हसून न्यायचे, मग मागच्या दाराने जाऊ लागले, मग शिरस्तेदार मागच्या दाराशी उभे राहू लागले. शेवटी शेठ स्वतः माझ्याकडे आले. "मास्तर, मी मंडळात काय बोलू ते तेवढं त्यांच्याकडून लिहून आणता का? आधीचा कागद छान होता."

शिरस्तेदारांनी लिहून दिलं. चौथा अर्ज, त्याच वळणदार अक्षरात. गवतशेठनी तो मंडळात उभं राहून वाचला, हात न जोडता. त्यांना हात जोडता येईनात, कारण दोन्ही हातांनी कागद धरला होता, असं त्यांनीच नंतर सांगितलं. दरबाराने त्याच बैठकीत मंजूर केलं. इतकी वर्षं हे आपल्यापर्यंत आलं कसं नाही, असं म्हणे वरून विचारलंही गेलं. हे ऐकून शिरस्तेदार उठून परसात गेले आणि बराच वेळ तिथेच थांबले.

उरलेला हिवाळा पाड्याने खणलं. मधे काळा पाषाण लागला, तेव्हा गवतशेठनी आपली माणसं आणि सुरुंग लावणारा पाठवला. शिमग्यानंतर सांगावा आला, पाणी लागलं, या. आम्ही तिघं निघालो, काकूसुद्धा. शिरपामाळावर दम खायला टेकलो. लांबवर डोंगर पिवळे पडलेले होते. माझ्या मनात इतके दिवस घोळत असलेला हिशोब मी तिथे बोलून टाकला.

"काका, तुम्ही दोन मतांनी पडलात. एक मत, एकच, इकडचं तिकडे झालं असतं तर बरोबरी होती. राहून राहून वाटतं, ते कोण असेल."

शिरस्तेदारांनी काकूंकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"मीच," ते म्हणाले.

"पडद्याआड गेलो, लाल पेटीवर हात नेला आणि माझी मान हलायला लागली, मास्तर. तिथे साहेब नव्हता, कोणी नव्हतं, आणि तरी हलत होती. म्हटलं, मंडळात गेलो तर पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हणेल पुढे बघू, आणि मी लिहीन दप्तरी ठेवावा. ती पोर पुन्हा कड्यावरून पडेल. सोमाने तर सोय करूनच ठेवली होती, पडणाऱ्यालाही काम दिलं होतं. मी हिरव्या पेटीत टाकली." मग ते हसले. "आयुष्यात एकदाच सरकारचं म्हणणं पटलं."

काकूंनी डबा उघडला आणि आम्हाला दोघांना वड्या दिल्या. पदराने डोळे पुसले आणि ऊन फार आहे असं म्हणाल्या.

पाड्यावर सगळी माणसं विहिरीभोवती उभी होती. गवतशेठ आधीच येऊन घामाने निथळत बसले होते. पहिला पोहरा सोमाच्या सुनेने ओढला. आखूड पाय काठावर टेकवून, कोणाला हात लावू न देता. पाणी गढूळ होतं, तिने ते कापडातून गाळलं, लोटा भरला आणि लंगडत सगळ्यांत आधी शिरस्तेदारांपुढे आली.

त्यांनी लोटा दोन्ही हातांनी धरला आणि सगळा संपवला. पाडा त्यांच्या तोंडाकडे बघत होता. गवतशेठ तर श्वास रोखून होते.

"सायब, पानी कसा हाय?" सोमाने विचारलं.

"विरोध आहे," शिरस्तेदार म्हणाले. "एकच विहीर केलीत. वरच्या आळीला दुसरी पाहिजे."

पण दोन्ही हात लोटा धरण्यात गुंतलेले होते, हनुवटीखाली काही नव्हतं, आणि त्यांची मान वर-खाली, वर-खाली हलत होती. या वेळी त्यांनी तिला हलू दिलं.